बालवर्गाच्या शिक्षकांचे प्रथमोपचार-शिक्षण

तीन ते आठ वर्षांचे मूल जगाची ओळख डोळ्यांइतकीच हातांनी आणि तोंडाने करून घेते. चिंचोके मोजता मोजता एखादा तोंडात जातो, मणी नाकात जातो, ओसरीच्या कडेवरून उडी मारावीशी वाटते, चुलीवरच्या पातेल्यात काय शिजते आहे हे पाहण्यासाठी पातेलेच ओढले जाते. ही खोडी नव्हे. त्या वयाची शिकण्याची रीतच ती आहे. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने हा वयोगट पायाभूत स्तर म्हणून एकत्र मानला आहे. त्यामुळे अंगणवाडी, बालवाडी, पहिली व दुसरी या सर्व वर्गांना शिकविणाऱ्यांची जबाबदारी एकाच जातीची ठरते. अशा मुलांच्या वर्गात अपघात कधीच होणार नाही, असे कोणत्याही शिक्षकाला म्हणता येणार नाही. परंतु अपघात झाल्यानंतरच्या पहिल्या काही मिनिटांत काय घडेल, हे बऱ्याच अंशी त्याच्या हाती असते.

हे काम शिक्षकाचे का?

प्रथमोपचार हे डॉक्टरांचे काम, शिक्षकाचे नव्हे, असा समज काही ठिकाणी आढळतो. तो दोन कारणांनी चुकीचा आहे.

पहिले कारण अंतराचे. शासकीय मानकांप्रमाणे सपाट प्रदेशात सुमारे ३०,००० आणि डोंगराळ वा आदिवासी भागात सुमारे २०,००० लोकवस्तीस एक प्राथमिक आरोग्य केंद्र असते. म्हणजे बहुसंख्य शाळांपासून डॉक्टर काही अंतरावरच असणार. महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा सुरू आहे व ती फार मोलाची आहे. परंतु रस्ता कितीही चांगला असला तरी गाडीला यावयास वेळ हा लागतोच. उलट, श्वास बंद पडला की चार ते सहा मिनिटांत मेंदूची हानी होऊ लागते. घशात फुटाणा अडकलेल्या मुलासाठी जगातील कोणताही डॉक्टर वेळेवर पोहोचू शकत नाही. त्या क्षणी मदत करू शकणारी व्यक्ती एकच, ती म्हणजे त्याच खोलीत उभा असलेला शिक्षक.

दुसरे कारण परंपरेचे. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले आणि पुढे कोसबाडच्या आदिवासी पाड्यांत बालशिक्षण नेले, तेव्हापासून मुलांची स्वच्छता, आरोग्य आणि शिक्षण ही तीन निरनिराळी कामे आहेत असे महाराष्ट्राच्या बालशिक्षणाने कधी मानलेले नाही. मुलाची नखे पाहणारा शिक्षक त्याची जखमही पाहील, हे ओघानेच येते.

दोन प्रकारचे प्रसंग

प्रथमोपचाराच्या पुस्तकांत प्रसंगांची यादी मोठी असते आणि ती वाचून शिक्षक गोंधळून जातो. कामाच्या सोयीसाठी या प्रसंगांचे दोनच भाग करावेत.

पहिल्या भागात हातांनी तत्काळ काही केलेच पाहिजे असे प्रसंग येतात: घशात वस्तू अडकणे, श्वास बंद पडणे, जोराचा रक्तस्राव, भाजणे आणि आकडी. दुसऱ्या भागात सर्पदंश, विंचुदंश, विषबाधा यांसारखे प्रसंग येतात. त्यांत खरा उपचार रुग्णालयातच होतो. शिक्षकाने अपाय होऊ न देता मुलाला लवकर तेथे पोहोचवावयाचे असते. पहिल्या भागासाठी हातांचा सराव लागतो, दुसऱ्यासाठी मनाचा संयम लागतो. चांगले प्रशिक्षण या दोहोंसाठी असावे.

हातांनी करावयाच्या गोष्टी

*१. घशात वस्तू अडकणे.* शेंगदाणा, फुटाणा, बोराची आठळी, सीताफळाची बी, पेनचे टोपण, नाणे, फुटलेल्या फुग्याचा तुकडा या नित्याच्या वस्तू होत. मूल खोकत असेल, रडत असेल, तर त्याच्या नळीतून हवा जात आहे असे समजावे. त्याला खोकू द्यावे, घशात बोट घालू नये. बोट घातल्याने वस्तू अधिक खोल जाते. परंतु मुलाचा आवाज फुटेनासा झाला, ते गळ्याशी हात नेऊ लागले, ओठ निळसर दिसू लागले, तर क्षणही दवडू नये. त्याला पुढे वाकवून, तळहाताच्या मनगटाजवळच्या भागाने, दोन्ही खांद्यांच्या मधोमध पाठीवर पाच जोरदार थापा द्याव्यात. प्रत्येक थापेनंतर वस्तू बाहेर पडली का ते पाहावे. न पडल्यास मुलाच्या मागे गुडघे टेकून बसावे, एका हाताची मूठ बेंबीच्या वर व छातीच्या हाडाच्या खाली ठेवावी, ती दुसऱ्या हाताने धरावी आणि आत व वरच्या दिशेने पाच झटके द्यावेत. पोटावर झटके देण्याची ही रीत अमेरिकन शल्यवैद्य हेन्री हाइम्लिक यांनी १९७४ मध्ये प्रसिद्ध केली. पाच थापा व पाच झटके हा क्रम वस्तू निघेपर्यंत चालू ठेवावा.

मोठ्या बहिणीच्या कडेवर बसून शाळेत येणारे तान्हे मूलही शिक्षकाने लक्षात ठेवावे. एक वर्षाखालील मुलाच्या पोटावर कधीही झटके देऊ नयेत. त्याला हातावर पालथे, डोके खाली राहील असे धरून पाठीवर पाच थापा द्याव्यात. मग उताणे करून छातीच्या मध्यभागी पाच वेळा दाबावे. मूल कोणत्याही वयाचे असो, वस्तू निघाली व ते हसूखेळू लागले तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. कारण झटक्यांनी आतल्या अवयवांना इजा होण्याचा संभव असतो.

*२. श्वास बंद पडणे.* मूल हाकेला ओ देत नसेल, हलविल्याने हालचाल करीत नसेल, तर दहा सेकंदांपेक्षा अधिक वेळ न घालविता श्वास चालू आहे की नाही ते पाहावे. मधूनच येणारी उचकीसारखी धाप म्हणजे श्वास नव्हे. श्वास नसल्यास मदतीसाठी हाक मारावी, मोबाईलवर १०८ लावून तो आवाज मोठा करून शेजारी ठेवावा व मुलाला कठीण जमिनीवर उताणे निजवावे. छातीच्या मधल्या हाडाच्या खालच्या अर्ध्या भागावर, लहान मुलासाठी एका तळहाताने, छातीच्या जाडीच्या एक तृतीयांश, म्हणजे सुमारे ५ सेंटिमीटर खोल दाबावे. तीस वेळा दाबावे. मग कपाळ मागे व हनुवटी वर करून, नाक चिमटीत धरून, तोंडाने तोंडात दोन श्वास द्यावेत. दाबण्याचा वेग मिनिटाला १०० ते १२० असावा. विहिरीतून वा ओढ्यातून काढलेल्या मुलाला आधी श्वास द्यावेत आणि मग छाती दाबावी. त्याला उलटे टांगणे, पोट दाबून पाणी काढणे यांत अमूल्य वेळ जातो.

*३. रक्तस्राव.* स्वच्छ कापडाने जखमेवर थेट दाब द्यावा व तो टिकवून धरावा. रक्त थांबले की नाही हे पाहण्यासाठी वारंवार कापड उचलू नये. जखमेत हळद, चुना, तंबाखू, चुलीतील राख यांपैकी काही भरू नये. रुतलेली काच किंवा खिळा उपसून काढू नये. त्याच्या बाजूंनी दाब द्यावा आणि तसेच रुग्णालयात न्यावे. नाकातून रक्त आल्यास मुलाला बसवून डोके किंचित पुढे झुकवावे आणि नाकाचा मऊ भाग दहा मिनिटे चिमटीत धरावा. डोके मागे टाकल्यास रक्त घशात उतरते.

*४. भाजणे.* खिचडीचे पातेले जेथे शिजते तेथे हा धोका रोजचाच आहे. भाजलेल्या भागावर तत्काळ साधे थंड पाणी ओतावयास आरंभ करावा आणि ते २० मिनिटे चालू ठेवावे. नळ नसेल तर घागर व तांब्या पुरेसा आहे. अंगाचा बाकीचा भाग मात्र गारठू देऊ नये. बांगड्या, वाळे, करगोटा सूज येण्यापूर्वी काढावेत. कातडीला चिकटलेले कापड ओढू नये. बर्फ, दंतमंजन, तूप, शाई, बटाट्याचा कीस यांपैकी काही लावू नये व फोड फोडू नयेत. मुलाच्या स्वतःच्या पंजाहून मोठा भाग भाजला असेल, किंवा चेहरा, हात अथवा गुप्तांगे भाजली असतील, तर रुग्णालय गाठावे.

*५. आकडी.* गावात आकडी आली की कांदा फोडला जातो, वहाण हुंगविली जाते, दातांत चमचा कोंबला जातो. यांतील एकही गोष्ट उपयोगाची नाही आणि शेवटची तर दात मोडणारी आहे. मुलाला धरून दाबू नये. जवळचे दगड, बाके दूर करावीत, डोक्याखाली मऊ कापड ठेवावे, घड्याळात वेळ पाहावी आणि झटके थांबताच मुलाला कुशीवर वळवावे. पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत पाणीही पाजू नये. आकडी पाच मिनिटांहून अधिक चालली, पुन्हा आली किंवा आयुष्यात पहिल्यांदाच आली असेल, तर रुग्णालयात न्यावे. अशा वेळी मुलाचे कपडे ओले होतात. इतर मुलांना शांतपणे बाहेर नेऊन त्याची लाज राखणे हाही उपचाराचाच भाग समजावा. त्या मुलाच्या शेजारी बसावयास उद्या कोणी भिऊ नये, याची काळजी आजच घ्यावयाची असते.

हात आवरावयाचे प्रसंग

*सर्पदंश.* नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे महाराष्ट्रातील चार प्रमुख विषारी साप होत. दंशाच्या वर दोरी आवळणे, जखमेवर चिरा घेणे, तोंडाने विष ओढणे हे उपाय एके काळी प्रथमोपचाराच्या पुस्तकांतही छापले जात. आज ते अपायकारक ठरले आहेत. मुलाला धीर द्यावा, चालू देऊ नये, दंश झालेला हात वा पाय फळीचा आधार देऊन स्थिर ठेवावा आणि प्रतिसर्पविष उपलब्ध असेल अशा रुग्णालयात थेट न्यावे. साप मारण्यात, शोधण्यात किंवा मांत्रिकाची वाट पाहण्यात वेळ घालवू नये. मण्यारीच्या दंशाची खूण कित्येकदा दिसतही नाही. म्हणून "काही तरी चावले" असे मूल म्हणते तेव्हा त्याचे म्हणणे खरे मानूनच पुढची हालचाल करावी. नोव्हेंबर २०१९ मध्ये केरळातील वायनाड जिल्ह्यात एका शाळेच्या वर्गातील बिळापाशी सर्पदंश होऊन पाचवीतील मुलगी दगावली व तिला रुग्णालयात नेण्यास विलंब झाल्याची तक्रार पुढे आली. त्या घटनेने दोन धडे दिले. बिळे वेळीच बुजविली पाहिजेत, आणि शंका आली की थांबता कामा नये.

*विंचुदंश.* कोकणातील लाल विंचवाचा दंश लहान मुलांच्या हृदयावर परिणाम करतो. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी १९८० च्या दशकात प्राझोसिन या औषधाचा त्यावरील उपयोग दाखवून दिला आणि पूर्वी जिवावर बेतणाऱ्या या दंशातील मृत्यूचे प्रमाण फार मोठ्या प्रमाणात घटले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री देण्यात आली. परंतु हे औषध मूल वेळेवर पोहोचले तरच उपयोगी पडते. दरदरून घाम, वांती, हातपाय गार पडणे ही लक्षणे दिसेपर्यंत वाट पाहू नये.

*कुत्र्याचा चावा.* जखम वाहत्या पाण्याने व साबणाने पूर्ण १५ मिनिटे धुवावी. तिच्यावर मिरचीपूड वा चुना लावू नये. त्याच दिवशी लस सुरू करावी व सर्व मात्रा पूर्ण कराव्यात. पिसाळण्याची लक्षणे एकदा दिसू लागली की रोगी जवळजवळ कधीच वाचत नाही. त्यामुळे येथे प्रथमोपचार आणि लस हाच सारा उपचार होय. मुले मार बसेल या भीतीने ओरखडा लपवितात. शिक्षकाने न रागावता विचारले तरच ती सांगतात.

*विषबाधा.* रॉकेल किंवा शेतीवरील औषध पोटात गेल्यास उलटी करवू नये, मीठपाणी पाजू नये. बाटली वा पुडी बरोबर घेऊन रुग्णालयात जावे.

शिकलेले पुन्हा शिकणे

जुन्या शिक्षकांपैकी अनेकांनी बालवीर पथकात वा अध्यापन विद्यालयात कृत्रिम श्वासोच्छ्वासाची रीत शिकलेली असते. रुग्णाला पालथे निजवून पाठ दाबण्याच्या व हात उचलण्याच्या पद्धती विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सर्वत्र शिकविल्या जात. १९५० च्या दशकाच्या अखेरीस तोंडाने श्वास देण्याची पद्धत अधिक परिणामकारक ठरली आणि १९६० मध्ये कौवेनहोवन, ज्यूड व निकरबॉकर या तिघांनी छाती दाबण्याची रीत प्रसिद्ध केली. यावरून इतकेच ध्यानात घ्यावे की, प्रथमोपचाराचे प्रमाणपत्र भिंतीवर लावून ठेवण्याची वस्तू नाही. ज्ञान बदलते, आणि न बदलले तरी हातांची सवय काही महिन्यांतच जाते.

प्रशिक्षण कसे असावे?

दिवसभर व्याख्यान ऐकून सायंकाळी प्रमाणपत्र घेऊन जाणे म्हणजे प्रशिक्षण नव्हे. पोहण्यावरचे पुस्तक वाचून कोणी विहिरीत उतरत नाही. यासाठी पुढील पद्धत सुचविता येईल.

(१) प्राथमिक आरोग्य केंद्राचे वैद्यकीय अधिकारी, आरोग्यसेविका किंवा रेडक्रॉस व सेंट जॉन ॲम्ब्युलन्स यांचे प्रशिक्षक यांच्याकडून वर्षातून एक पूर्ण दिवसाचा वर्ग घ्यावा. त्यातील निम्म्याहून अधिक वेळ प्रत्यक्ष कृतीसाठी असावा.

(२) छाती दाबण्याचा सराव प्रशिक्षणाच्या पुतळ्यावर करावा. तो नसल्यास गोधडीच्या घट्ट सुरळीवर करावा. तान्ह्या मुलासाठी चिंध्यांची बाहुली चालते. जिवंत व्यक्तीवर छाती दाबण्याचा किंवा पोटावर झटके देण्याचा सराव कधीही करू नये. हाताची जागा तेवढी दाखवावी.

(३) घड्याळ लावून मोजावे. तीस वेळा दाबण्यास १५ ते १८ सेकंद लागले तर वेग योग्य आहे. दोन मिनिटे दाबून पाहिल्यावरच दम किती लागतो व दुसरा माणूस का हवा हे कळते.

(४) दर तीन महिन्यांनी केंद्राच्या शिक्षण परिषदेत अर्धा तास उजळणी ठेवावी. कोणा एका शिक्षकास अचानक उठवून "मुलाच्या घशात चिंचोका अडकला आहे, करून दाखवा" असे म्हणावे. सांगता येणे वेगळे आणि करता येणे वेगळे, हे त्या अर्ध्या तासात सर्वांनाच उमगते.

(५) अंगणवाडीच्या सेविका व मदतनीस आणि शाळेत अन्न शिजविणाऱ्या भगिनी यांना या वर्गातून वगळू नये. चुलीजवळचा अपघात प्रथम त्यांनाच दिसणार असतो. एकशिक्षकी शाळेत तर शिक्षकाचा दुसरा हात त्याच होत.

पेटी, भिंत आणि नोंदवही

प्रथमोपचार पेटीत जंतुरहित जाळीचे कापड, गुंडाळपट्ट्या, त्रिकोणी पट्ट्या, चिकटपट्टी, कात्री, हातमोजे, साबण, विजेरी आणि जलसंजीवनीच्या पुड्या असाव्यात. धुऊन इस्त्री केलेल्या जुन्या धोतराच्या उत्तम त्रिकोणी पट्ट्या होतात. जखमेवर थेट कापूस ठेवू नये, तो चिकटतो. डॉक्टरांनी सांगितल्याखेरीज शिक्षकाने मुलास गोळ्या देऊ नयेत. पेटी मुलांच्या हाताला लागणार नाही इतकी उंच असावी. परंतु तिला कुलूप नसावे. किल्ली मुख्याध्यापकांच्या खिशात आणि मुख्याध्यापक तालुक्याच्या बैठकीत, अशी पेटी असून नसल्यासारखी.

भिंतीवर मोठ्या अक्षरांत १०८, आरोग्य केंद्राचा व आरोग्यसेविकेचा क्रमांक, गावातील गाडीवाल्यांचे क्रमांक आणि शाळेपर्यंत येण्याची खूण लिहून ठेवावी. घाबरलेल्या माणसाला स्वतःच्या शाळेचा पत्ताही नीट सांगता येत नाही. कोणत्या मुलाला आकडी येते, कोणाला दमा आहे, कोणाला कशाची बाधा होते, याची यादी प्रवेशाच्या वेळीच पालकांकडून घ्यावी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक तपासणीस येते तेव्हा तिची खातरजमा करून घ्यावी.

प्रत्येक अपघाताची नोंद वहीत करावी: वेळ, काय झाले, काय केले, पालकांना केव्हा कळविले. ही वही दोष लावण्यासाठी नसते. वर्षाअखेरी ती चाळली असता एकाच पायरीवर चार मुले पडलेली दिसतात आणि मग ती पायरी दुरुस्त होते. खाताना खाली बसणे, घास तोंडात असता न धावणे, मण्यांच्या व बियांच्या पेट्या मोजून परत ठेवणे, आड व विहीर झाकलेली असणे हे सर्व प्रथमोपचाराच्या आधीचे उपचार होत आणि ते स्वस्तही आहेत.

शिक्षकाच्या मनातील भीती

"मी हात लावला आणि काही झाले तर?" हा प्रश्न शिक्षकाच्या मनात येणे स्वाभाविक आहे. या भीतीला उपदेशाने उत्तर देता येत नाही; ती सरावानेच कमी होते. ज्याने दहा वेळा बाहुलीला पालथे धरले आहे, त्याचे हात अकराव्या वेळी आपोआप वळतात. पालकांना घटना त्याच दिवशी, जशी घडली तशी सांगावी. शिक्षकाने काय केले आणि काय मुद्दाम केले नाही, हेही समजावून सांगावे. आज भाजलेल्या हातावर शिक्षकाने दंतमंजन न लावता पाणी का ओतले हे ज्या आईला कळले, ती उद्या घरीही तेच करील. अशा रीतीने वर्गात शिकलेली एक गोष्ट साऱ्या वस्तीत पोहोचते.

सकाळी आई मुलाचे बोट सोडते, तेव्हा ती पाटी-पेन्सिलीबरोबर त्याचा श्वासही शिक्षकाच्या स्वाधीन करीत असते. तो सांभाळण्याची विद्या अवघड नाही. एक दिवसाचे शिक्षण, तीन महिन्यांनी अर्धा तास उजळणी, आणि कुलूप नसलेली एक पेटी, इतक्या साधनांनी ती प्रत्येक गावातील शाळेत आणता येण्यासारखी आहे.